चाक घेण्याआधी माप घ्या

बैलगाडीच्या लाकडी चाकावर धाव चढविण्याचे काम ज्यांनी पाहिले आहे, त्यांना मापाचे महत्त्व वेगळे सांगावयास नको. सुतार आधी चाकाचा घेर मोजतो. लोखंडी धावेचा घेर त्याहून किंचित कमी ठेवतो. मग शेणींच्या आरात धाव लाल होईपर्यंत तापवून ती चाकावर बसवितो आणि वरून पाणी ओततो. लोखंड आवळते, आरे तुंब्यात घट्ट होतात आणि चाक एकजीव होते. घेर थोडा जास्त राहिला तर उन्हाळ्यात लाकूड सुकताच धाव निसटते. फारच कमी ठेवला तर आवळून आरेच मोडतात. गावचा सुतार फारसा शिकलेला नसेल, पण "बघू, बसेल" असे तो कधी म्हणत नसे.

आता बैलगाडीच्या जागी अनेक घरांच्या अंगणात मोटार किंवा पिकअप उभी असते. द्राक्षाचे किंवा टोमॅटोचे चार पैसे बरे झाले, की घरातील तरुण मंडळींना गाडीला चकचकीत अलॉयची चाके हवीशी वाटतात. हौसेला मोल नसते, त्याबद्दल आमचे काही म्हणणे नाही. परंतु ही चाके घेताना पूर्वीच्या सुताराइतकी काळजीही आपण घेत नाही, आणि त्यात पैसा तर जातोच, कधी कधी जिवावरही बेतते.

पुणे, नाशिक, सातारा भागातील पुष्कळ कुटुंबांचे कोणी ना कोणी मुंबईत असतेच. घाटकोपरला भाचा, बोरिवलीला जावई, मुलुंडला धाकटा भाऊ. त्यामुळे अशा वस्तूंसाठी मुंबईच्या उपनगरांकडे आपला ओढा असतो. कुर्ल्याचा सीएसटी रोड मोटारींच्या जुन्या सुट्या भागांसाठी प्रसिद्ध आहे. लालबहादूर शास्त्री मार्गाने घाटकोपरवरून मुलुंडकडे जावे किंवा स्वामी विवेकानंद मार्गाने अंधेरीहून बोरिवलीकडे, टायर आणि चाकांची दुकाने लागतातच. माल भरपूर आणि भावही घासाघीस करून कमी होतो. अडचण एकच, की दुकान मुंबईत आणि गाडी गावी. मधे दीडदोनशे किलोमीटरचे अंतर. भाचा दुकानात उभा राहून फोन करतो, "मामा, चार भोकांची आहेत, आपल्या गाडीलाही चारच आहेत ना? घेऊन टाकू का?" आणि मामा म्हणतात, "घे."

घोळ होतो तो इथे.

एके काळी हा प्रश्न एवढा अवघड नव्हता. याच कुर्ल्यात प्रीमियरचा कारखाना होता. तेथे फियाट आणि पुढे पद्मिनी तयार होत असे. रस्त्यावर फियाट, अँबॅसडर आणि जीप अशा मोजक्याच गाड्या. दुकानदार गाडीचे नाव ऐकून डोळे मिटून चाक काढून देई. डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० आली, १९९१ नंतर जगभरच्या कंपन्या आल्या, आणि प्रत्येकीने आपापले माप आणले. ऑक्टोबर २०२३ मध्ये पद्मिनीची शेवटची टॅक्सीही मुंबईच्या रस्त्यावरून गेली. आता नुसत्या नजरेवर विश्वासून चालत नाही. चाक हे बियाण्यासारखे झाले आहे. दाणा सारखाच दिसतो. पिशवीवरचा टॅग वाचल्याशिवाय वाण कळत नाही.

भोके किती, आणि किती अंतरावर

चाकाला चार, पाच किंवा सहा भोके असतात हे सर्वांना दिसते. दिसत नाही ते म्हणजे ही भोके ज्या वर्तुळावर आहेत त्याचा व्यास. बाजारात त्याला पीसीडी म्हणतात आणि हा आकडा मिलिमीटरमध्ये सांगतात. मारुती स्विफ्टला ४ भोके, १०० मिलिमीटर. जुन्या इनोव्हाला आणि ब्रेझाला ५ भोके, ११४.३. फोक्सवॅगन पोलोलाही ५ भोके, पण १००. स्कोडा ऑक्टेव्हियाला ५ भोके, ११२. फॉर्च्युनरला ६ भोके, १३९.७. जुन्या विलीज जीपचे माप साडेपाच इंच म्हणजे १३९.७ मिलिमीटर, ५ भोके. मारुती जिप्सीचेही तेच.

मोजण्याची रीत सोपी आहे. चार किंवा सहा भोके असतील तर एका भोकाच्या डाव्या कडेपासून बरोबर समोरच्या भोकाच्या डाव्या कडेपर्यंत मोजावे. पाच भोके असतील तर समोरासमोर भोक येतच नाही. तेव्हा शेजारच्या दोन भोकांमधील अंतर याच रीतीने डाव्या कडेपासून डाव्या कडेपर्यंत घ्यावे आणि त्याला १.७ ने गुणावे. हे अंतर सुमारे ६७.२ मिलिमीटर भरले तर पीसीडी ११४.३. मात्र ११२ च्या चाकात हेच अंतर सुमारे ६५.८ भरते. म्हणजे फरक जेमतेम दीड मिलिमीटरचा. शाळेच्या फूटपट्टीने तो हमखास चुकतो. गावातील लेथवाल्याकडे व्हर्नियर असतो, त्याच्याकडून मोजून घ्यावे, आणि नवीन चाकावर आतल्या बाजूला आकडा कोरलेला असतो तोच प्रमाण मानावा.

जुन्नर तालुक्यातील आमच्या परिचयाच्या एका बागायतदारांची गोष्ट येथे सांगण्यासारखी आहे. त्यांच्याकडे स्विफ्ट गाडी. भाच्याने उपनगरातील एका दुकानातून जुनी पण देखणी चार अलॉय चाके स्वस्तात मिळविली. ती मुळात फियाट गाडीची होती. फियाटची चार भोके ९८ मिलिमीटरच्या वर्तुळावर, स्विफ्टची १०० च्या. दोन मिलिमीटर म्हणजे काय ते! पण त्यामुळे प्रत्येक स्टड भोकाच्या मध्यापासून एक मिलिमीटर बाहेर. गावातल्या पोराने लांब पाना लावून, वर पाय देऊन नट आवळले. नट बसले, चाके शोभून दिसली. साठच्या वेगाला स्टिअरिंग थरथरू लागले तेव्हा बॅलन्सिंगचा दोष असेल म्हणून सोडून दिले. पुढे मुलुंडला लग्नासाठी जाताना, गाडीत म्हातारी आई, पत्नी आणि दोन मुली असताना, माळशेज उतरून गाडी सपाटीला लागली आणि पुढच्या डाव्या चाकातून खडखडाट सुरू झाला. उतरून पाहतात तो चारपैकी दोन स्टड तुटलेले आणि तिसऱ्याचा नट हाताने फिरत होता. दहा-पंधरा मिनिटे आधी हे झाले असते तर गाडी घाटाच्या वळणावर होती.

त्यांच्या पत्नीने नंतर विचारलेला प्रश्न मला फार आवडला. "बियाण्याची पिशवी घेताना तुम्ही चष्मा लावून सगळं वाचता, मग चाक घेताना का नाही वाचलं?"

मधले भोक

याच गोष्टीत आणखी एक दोष दडलेला होता. चाकाच्या मधोमध मोठे भोक असते. ते गाडीच्या हबवर बसते, तुंबा कण्यावर बसावा तसे. गाडीचा भार या बैठकीवर नीट यावा आणि चाक बरोबर मध्यावर राहावे, हा त्याचा हेतू. स्विफ्टच्या हबचे माप ५४.१ मिलिमीटर, फियाटच्या त्या चाकाचे भोक ५८.१. म्हणजे सर्व बाजूंनी दोन मिलिमीटर पोकळी. चाक केवळ चार नटांवर लोंबत होते.

भोक हबपेक्षा लहान असेल तर चाक बसणारच नाही, तेथे प्रश्नच मिटतो. उदाहरणार्थ, होंडा सिटीचा पीसीडीही ४ बाय १००, पण तिचा हब ५६.१ चा, स्विफ्टचे मूळ चाक तिला चढत नाही. उलट सिटीचे चाक स्विफ्टला चढते, पण सैल. अशा वेळी पोकळी भरणारी कडी मिळते, तिला हब रिंग म्हणतात. आतील व बाहेरील दोन्ही माप बरोबर असलेली रिंग घातली तर चाक मध्यावर बसते. बाजारात नवी म्हणून मिळणारी पुष्कळशी अलॉय चाके मुद्दाम मोठ्या भोकाची केलेली असतात, म्हणजे अनेक गाड्यांना चालावीत. तेव्हा रिंग दुकानदाराकडून त्याच वेळी मागून घ्यावी. काही ठिकाणी लहान भोक लेथवर मोठे करून देतात. काम चांगल्या हातून झाले तर ठीक, पण चाकाचे भोक कोठेही कापून घेण्यापेक्षा दुसरे चाक पाहणे बरे, असे माझे मत आहे.

चाक आत की बाहेर

चाकाच्या रुंदीची मधली रेषा आणि हबला टेकणारा सपाट भाग यांतील अंतराला ऑफसेट म्हणतात. चाकावर इंग्रजी ई आणि टी या अक्षरांपुढे हा आकडा कोरलेला असतो. आकडा कमी झाला की चाक बाहेर येते, वाढला की आत जाते. हिशेब करून पाहू. समजा, आपले मूळ चाक साडेपाच इंच रुंद आणि ईटी ४५ आहे. नवीन चाक साडेसहा इंच रुंद आणि ईटी ३५. एक इंच रुंदी वाढली, म्हणजे दोन्ही बाजूंना १२.७ मिलिमीटर. शिवाय ऑफसेट १० ने घटला, म्हणून सारे चाक १० मिलिमीटर बाहेर सरकले. बाहेरची कड एकूण २२.७ मिलिमीटर बाहेर आली आणि आतली कड २.७ मिलिमीटर आत गेली. रिकामी गाडी उभी असताना काहीच वाटणार नाही. पण मागे तीन माणसे बसली, डिकीत धान्याचे पोते टाकले आणि रस्त्यात खड्डा आला, की टायर मडगार्डला घासू लागतो. चाक बाहेर गेल्याने बेअरिंगवरही जादा ताण येतो, तो लगेच कळत नाही, वर्षभराने खर्चाच्या रूपाने कळतो. आत गेलेले चाक शॉकॲब्सॉर्बरला किंवा ब्रेकच्या कॅलिपरला लागते. मूळ ऑफसेटपासून शक्यतो पाचसात मिलिमीटरपेक्षा अधिक फरक घेऊ नये. चाक बाहेर काढण्यासाठी मधे जाड चकत्या घालण्याची एक फॅशन निघाली आहे. आपल्या रस्त्यांवर त्या वाटेला जाऊच नये.

नट सारखे दिसतात, असत नाहीत

सुझुकीच्या गाड्यांचा स्टड १२ मिलिमीटर जाड आणि आटे १.२५ चे. होंडा, टोयोटा, ह्युंदाई यांचाही स्टड १२ चाच, पण आटे १.५ चे. एकाचा नट दुसऱ्यावर दोनतीन फेरे जातो आणि अडतो. तेथे जोर केला की आटे खलास. नट हाताने सुरळीत फिरला पाहिजे, पाना फक्त शेवटी आवळण्यासाठी. १२ मिलिमीटरच्या स्टडवर नटाचे निदान आठ पूर्ण फेरे तरी बसले पाहिजेत. अलॉयचे चाक जाड असल्याने जुना नट पुरेसा आत पोहोचत नाही, हेही होते.

नटाचे टोक चाकाच्या ज्या खोबणीत बसते तिचाही आकार असतो. बाजारातील बहुतेक अलॉयना निमुळत्या टोकाचा नट लागतो, तर होंडाच्या मूळ नटाचे टोक गोल असते. गोल टोक निमुळत्या खोबणीत नुसते कडेवर टेकते, आणि कितीही आवळले तरी पुढे सैल होते. फोक्सवॅगन व स्कोडाला नट नसतातच, सरळ बोल्ट असतात. त्यामुळे चाकाबरोबर त्याचेच नट घ्यावेत.

मोठे चाक, पातळ टायर

चाकाचा घेर वाढविला तरी टायरसकट एकूण उंची तीच ठेवावी लागते. नाही तर वेगाचा काटा खोटे सांगतो आणि टायर घासतो. टायरवर १६५/८० आर १४ असे लिहिले असेल तर १६५ ही मिलिमीटरमध्ये रुंदी, ८० म्हणजे रुंदीच्या किती टक्के बाजूची उंची आणि १४ इंच चाक. याची एकूण उंची सुमारे ६२० मिलिमीटर येते. १८५/६५ आर १५ ची सुमारे ६२१ आणि १९५/५५ आर १६ चीही सुमारे ६२१. तिघांची उंची जवळपास सारखीच. मग फरक कुठे पडला? बाजूच्या रबरात. १४ इंची चाकाभोवती १३२ मिलिमीटर रबर होते, १६ इंचीभोवती १०७ च उरले. एक इंच रबर गेले.

लिंक रोडवरच्या गुळगुळीत पट्ट्यावर याने काही बिघडत नाही. पण शिवाररस्ता, उसाच्या ट्रॉल्यांनी खणलेली चाकोरी, पावसाळ्यात पाण्याखाली लपलेला खड्डा, हा आपला रोजचा मार्ग. तेथे हेच इंचभर रबर चाकाला वाचविते. लोखंडी चाक वाकले तर ठोकून सरळ करता येते. अलॉयला चीर गेली की ते चाक गेले. माझ्या मते, गावात राहणाऱ्या कुटुंबाने अलॉय घ्यायचेच असेल तर मूळ मापाचेच घ्यावे, फार तर एका इंचाने मोठे.

भार किती पेलणार

हा मुद्दा पिकअपवाल्यांनी दोनदा वाचावा. चांगल्या चाकावर आतल्या बाजूला ते जास्तीत जास्त किती किलो भार पेलू शकते तो आकडा कोरलेला असतो. समजा, माल भरल्यावर पिकअपच्या मागच्या आसावर १,८०० किलो भार येतो. म्हणजे प्रत्येक चाकावर ९००. आणि कारसाठी बनविलेल्या चाकावर आकडा असतो ६९० किंवा त्याहून कमी. पीसीडी जुळो, भोक जुळो, ते चाक पिकअपला लावणे म्हणजे शेळीला नांगराला जुंपणे. टोमॅटोचे क्रेट भरून पहाटे वाशीच्या बाजाराला निघालेल्या गाडीखाली असले चाक नको. मालवाहू गाडीला लोखंडी डिस्कच शोभते.

टायरचाही भार मोजलेला असतो. मापाच्या शेवटी जो आकडा असतो, त्यात ८२ म्हणजे ४७५ किलो, ८४ म्हणजे ५०० आणि ८८ म्हणजे ५६० किलो. मूळ टायरपेक्षा कमी आकडा घेऊ नये.

जुने चाक घेताना

कुर्ल्याकडचा जुना माल वाईटच असतो असे नव्हे. एखाद्याने नवी गाडी घेऊन चाके बदललेली असतात आणि मूळ चाके कोरी राहतात. अशी कंपनीची मूळ चाके आपल्याच मॉडेलची मिळाली तर तो उत्तम सौदा. पण रंग ताजा असेल तर सावध राहावे. रंगाखाली वेल्डिंग झाकता येते. चाक उलटे करून आतली कड उन्हात पाहावी, बोट फिरवावे. आरी जेथे कडेला मिळते तेथे चीर जाते. मग दुकानातच बॅलन्सिंगच्या मशीनवर फिरवून दाखवावयास सांगावे. कड वरखाली लहरत असेल तर चाक वाकलेले आहे. दुकानदार मशीनवर लावण्यास नाही म्हणाला, तर आपणही नाही म्हणावे.

नवीन चाकाच्या बाबतीत केंद्र सरकारने २०२० मध्ये गुणवत्तेचा आदेश काढला असून चाकांसाठी आयएस १६१९२ हे मानक आहे. आयएसआयची खूण पाहूनच घ्यावे. जपानी जेडब्ल्यूएल हा शिक्काही अनेक चाकांवर दिसतो, पण नुसत्या शिक्क्यावर भिस्त ठेवू नये.

मुंबईला जाण्यापूर्वी घरी आपल्या गाडीचे एक चाक काढून मूळ चाकावरील रुंदी, व्यास आणि ऑफसेट, पीसीडी, मधले भोक, स्टड व आट्यांचे माप आणि टायरचे पूर्ण माप कागदावर उतरवून घ्यावे. गाडीच्या कागदपत्रांवरून मॉडेल व सालही लिहावे, कारण एकाच नावाच्या गाडीचे माप साल बदलले की कधी कधी बदलते. हा कागद भाच्याला पाठवावा, फोटोही पाठवावा. आणि शक्य असेल तर गाडीच घेऊन जावी. पैसे देण्यापूर्वी एक चाक पुढे आणि एक मागे लावून पाहावे. टायर न चढविता आधी नुसते चाक लावावे. हाताने फिरवून ब्रेकला कोठे लागते का, हे मोकळे दिसते. पुढच्या चाकांचे ब्रेक मोठे असतात, म्हणून पुढे लावून पाहणे चुकवू नये. नंतर टायर चढवून स्टिअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण वळवावे, मागे चारपाच माणसे बसवून पाहावे. एकदा टायर चढला की दुकानदार माल परत घेत नाही, आणि त्यात त्याचेही काही चुकते असे नाही. गाडी नेणे शक्य नसेल तर "बसले नाही तर परत घेऊ" असे बिलावर लिहून घ्यावे. तोंडी बोलणे कसाऱ्याच्या पुढे चालत नाही.

कायद्याचेही पाहावे. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे कंपनीने ठरविलेल्या मूळ तपशिलाविरुद्ध गाडीत फेरबदल करता येत नाहीत, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच सांगितले. आपल्या मॉडेलला कंपनीने ज्या मापाची चाके मान्य केली आहेत, त्या मापात राहिले म्हणजे प्रश्न येत नाही. मडगार्डबाहेर आलेली चाके मालवाहू गाडीच्या फिटनेस तपासणीत अडतात. विमा कंपनीलाही चाके बदलल्याचे लेखी कळवावे, बिल जपून ठेवावे.

चाके लावल्यावर नट समोरासमोरचे, पाळीपाळीने आवळावेत. पाच असतील तर चांदणी काढतो त्या क्रमाने. पन्नास ते शंभर किलोमीटर गाडी चालल्यावर सर्व नट पुन्हा एकदा आवळून घ्यावेत, कारण नवीन चाक बैठक घेते. स्टेपनी म्हणून जुने लोखंडी चाक ठेवले असेल तर त्याचे मूळ नट एका पिशवीत बांधून स्टेपनीजवळच ठेवावेत. अलॉयचा नट लोखंडी चाकाला चालेलच असे नाही, आणि रात्री घाटात पंक्चर झाल्यावर तो शोध लावून उपयोग नसतो.